विटांची जाळी की टेराकोटा ब्लॉक? गोव्याच्या पावसात दोन्ही वापरून

साध्या विटांत फटी ठेवून मेस्त्रीकडून जाळी बांधून घ्यायची, की नक्षीचे तयार टेराकोटा ब्लॉक आणून लावायचे? डिचोलीतल्या घरात मी दोन्ही केलं. जिन्याला विटा, पडवीला ब्लॉक. फार विचाराने नव्हे. जिना होईपर्यंत विटा संपल्या आणि पाऊस तोंडावर आला, एवढंच.

दिसायला ब्लॉक सरस, यात वाद नाही. संध्याकाळी फरशीवर उन्हाची फुलं उमटतात आणि पाहुणे फोटो काढतात. काम दोन दिवसांत उरकलं. विटांच्या जाळीला आठवडा गेला. आपल्याकडच्या मेस्त्रींचा हात चिऱ्यावर बसलेला; विटा यायच्या घाटावरून, त्यातून धड कडांच्या निवडून घ्यायच्या. वीट उघडीच राहणार हे आमच्या मेस्त्रीला पटेना. “गिलावा कधी करायचा?” हे त्याने तीनदा विचारलं.

मग जून आला. पडवी नैर्ऋत्येला, ब्लॉक जेमतेम तीन इंच जाड आणि भोकं ऐसपैस. वारा सुटला की झड थेट आत. पेपर भिजला, झोपाळ्याच्या कड्या गंजल्या, आणि जुलैत त्या देखण्या नक्षीवर आम्ही निळं प्लास्टिक बांधलं. पूर्वी माडाच्या चुडतांच्या झापा बांधत, त्या निदान बऱ्या दिसत. हौसेने घेतलेली जाळी वर्षाचे चार महिने झाकून ठेवायची, हे काही केल्या माझ्या मनाला पटत नाही.

जिन्याची जाळी नऊ इंच जाड. फट अरुंद, पण खोल. थेंब विटेच्या कडेवर आपटतो, जोर तिथेच मरतो. खालच्या थराला बाहेरच्या बाजूने किंचित उतार दिलाय, त्यामुळे पाणी परत बाहेर जातं. पायरीवर तुषार येतात, डबकं होत नाही. जिन्यावरचं छप्पर हातभर जास्त पुढे आहे, तेव्हा ही तुलना अगदी समसमान नाही, हे कबूल.

वास्तुविशारद लॉरी बेकरनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये अशाच जाळ्यांतून उजेड-वारा खेळवला, आणि पाऊस तिथेही काही कमी नाही. स्वित्झर्लंडच्या गांटेनबाइन वायनरीच्या भिंती २००६ मध्ये रोबोटने रचल्या, वीट न् वीट वेगळ्या कोनात. आमच्याकडे रोबोट नव्हता. प्लायवूडचा त्रिकोणी तुकडा होता. तो लावून मेस्त्रीने वरचे पाच थर एकाआड एक वीट तिरकी फिरवून बांधले. बाहेरून आतलं दिसत नाही, आणि माझ्या अंदाजाने झडही तिथेच सर्वांत कमी येते.

विटांचे नखरे आहेतच. पहिल्या वर्षी लोणा, म्हणजे विटेतल्या क्षारांची पांढरी पूड, फुटला; तो सुक्या ब्रशने झाडला. शेवाळ दर दिवाळीला. कुंभारमाश्या दोन्हीकडे सारख्याच प्रेमाने घरं करतात.

गेल्या वर्षी नारळ पडून दोन ब्लॉक फुटले. दुकानात ती नक्षी येणं बंद झालंय, म्हणून तिथे सिमेंटचं ठिगळ आहे. वीट फुटली तर दुसरी वीट बसते.

तुमची पडवी पूर्वेला असेल किंवा वळचण चांगली खोल असेल, तर ब्लॉक घ्यायला हरकत नसावी; भाचीच्या घरी ते छान टिकलेत. मी मात्र येत्या उन्हाळ्यात पडवीसाठी विटा सांगून ठेवल्यात. मेस्त्री तोच. गिलाव्याचं विचारून झालंय.