निशी-कासाई की आसागाया: टोकियोत भाड्याचं घर कुठे बघायचं?

टोकियोत जॉब लागला, व्हिसा आला, आता घर कुठे बघू, हे कोणी ना कोणी विचारतंच आणि उत्तर ठरलेलं असतं, निशी-कासाईला जा, आपले सगळे तिथेच आहेत. आहेतच. पण आम्ही आधी निशी-कासाईत होतो आणि आता आसागायात राहतो, दोन्ही तशा एकाच तोझाई मेट्रो लाईनच्या गाडीवर (काही गाड्या नाकानोच्या पुढे मिताकापर्यंत जातात, ती पकडली तर गाडी न बदलता या टोकाहून त्या टोकाला), तरी रोजचं जगणं एवढं वेगळं आहे की नुसतं पोहे-साबुदाणा कुठे मिळतो यावर ठरवू नका. ऑफिसला जाणारा कुठूनही जातो हो, दिवसभर घरी कोण असणार ते आधी बघा.

पैशाचं पहिल्यांदा, कारण पहिला झटका तिथेच बसतो. निशी-कासाई, सेईशिनचो या पट्ट्यात यूआरच्या मोठ्या बिल्डिंगी आहेत. यूआर म्हणजे निमसरकारी, म्हाडासारखं म्हणा, फक्त भाड्याचं. की-मनी (मालकाला द्यायचे, परत न मिळणारे पैसे) नाही, एजंटची फी नाही, गॅरेंटर नको, दोन वर्षांनी रिन्युअल फी नाही, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरलं की किल्ली हातात. पगाराची अट आहे, साधारण भाड्याच्या चौपट, पण भाडं ८२,५०० येनच्या वर आणि २ लाखाच्या आत असेल तर कुटुंबाला महिना ३,३०,००० दाखवलं की चालतं. आसागायात मात्र बहुतेक घरं खाजगी मालकांची. डिपॉझिट एक महिना, रेइकिन म्हणजे तीच की-मनी एक महिना (हे मालकाला दिले की गेलेच), एजंट एक महिना प्लस टॅक्स, गॅरेंटर कंपनी अर्धा ते एक महिना, आग-विमा, कुलूप बदलायचे वेगळे. १ लाख २० हजार येन भाड्याचं घर असेल तर निशी-कासाईत साडेतीन-चार लाखात आत, आसागायात सहा-सात लाख सहज. आणि ते सुद्धा मालक हो म्हणाला तर. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मधे एक सर्व्हे जाहीर केला होता, त्यात घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना परदेशी आहात म्हणून नकार मिळालेला. आम्हालाही मिळालाय, एजंट आपल्यासमोरच फोन लावतो, "इंडियन आहेत, पण जपानी बोलतात" म्हणतो, मग मान खाली घालून सॉरी. पाच मिनिटांचा खेळ पण तोंड कडू होतं. पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचवण्यात निशी-कासाईच पुढे, यात वादच नाही.

आता दिवसाचं. डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासच काम करता येतं, आणि जपानी येत नसेल तर तेही सहजी मिळत नाही, म्हणजे बायको (किंवा नवरा, आता तेही असतात) पहिलं वर्ष बऱ्यापैकी घरीच. निशी-कासाईत लिफ्टमधेच कोणीतरी हिंदीत बोलतं, इंडियन किराणा खाली उतरलं की, ग्योसेन पार्कात फुकट छोटं प्राणीसंग्रहालय आहे तिथे दुपारी चार आया भेटतातच. पुण्याहून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मधे निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डच्या सभेत निवडून आले, यावरून आपल्या लोकांचा जम कळेल. कोणी आजारी पडलं तर डबा येतो. पण वर्षभर राहूनही जपानी "आरिगातो"च्या पुढे न गेलेले लोक मी तिथेच पाहिलेत, आणि कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना माहीत, ते ज्याला झेपतं त्याने जावं.

आसागायात पहिले महिने एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू. मसाले आणायला ओकुबोला उतरून शिन-ओकुबोच्या गल्लीत चालत जायचं किंवा ऑनलाईन मागवायचं. पण पर्ल सेंटर म्हणून छताखालचा बाजार आहे, तिथला टोफूवाला दोनदा गेलात की ओळखतो, ऑगस्टमधे तानाबाता सणाला तिथे छताला कागदाचे हे एवढे मोठे पुतळे टांगतात, पोरं वेडी होतात. आणि मोहल्ला मंडळाची पाटी फिरते: प्लास्टिकच्या फोल्डरमधे अग्निशमन ड्रिल, रस्ता बंदची सूचना, सगळ्या घरांची यादी, वाचून आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवून यायची. त्या पाटीमुळेच शेजारच्या आजीशी बोलणं सुरू झालं, कचऱ्यावर कावळ्यांसाठीची जाळी नीट कशी टाकायची ते तिनेच दाखवलं.

एक त्रास मात्र लक्षात ठेवा. जुन्या लाकडी घरात भिंती पापडासारख्या, सकाळी सहाला चटणीचा मिक्सर लावला तर चार दिवसांनी सगळ्यांच्या टपालपेटीत चिठ्ठी येते, "पहाटे यंत्राचा आवाज होतो, कृपया काळजी घ्यावी", नाव कोणाचंच नाही आणि कोणाबद्दल आहे हे सगळ्यांना माहीत. यूआरच्या काँक्रीटमधे एवढं होत नाही.

मुलं असतील तर हिशोब बदलतो. दोन-तीन वर्षांत परत जायचं असेल आणि पोरगं सहा-सातच्या पुढचं असेल, तर निशी-कासाई, जवळच सीबीएसईची इंडियन स्कूल आहे, फी भरपूर पण परत गेल्यावर वर्ष फुकट जात नाही. जास्त राहायचा विचार असेल आणि मूल लहान असेल तर जपानी सरकारी शाळा, शिक्षण फुकट, पण शाळेच्या जेवणात माशाचं स्टॉक बहुतेक सगळ्यात असतं त्यामुळे शाकाहारी असाल तर डब्यासाठी शाळेशी आधीच बोलून घ्या. वर्षभरात मूल जपानीत भांडायला लागतं आणि मराठी वाचन आपल्याला घरी बसून घ्यावं लागतं, ते कोणी सांगत नाही.

प्रवासाचं थोडक्यात: ओतेमाची, निहोनबाशीला ऑफिस असेल तर निशी-कासाई पंधरा मिनिटांत, पण सकाळची तोझाई कोरोनाआधी २०१९ मधे १९९ टक्के भरलेली असायची, आता कमी झालीय तरी स्ट्रोलर घेऊन चढायचं नाव काढू नका. शिंजुकूला ऑफिस असेल तर आसागाया, फक्त शनिवार-रविवारी चुओ लाईनची जलद गाडी (रॅपिड) आसागायाला थांबत नाही, लोकल धरा.

आणि पाण्याचं बघाच. एदोगावा वॉर्डची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, २०१९ च्या त्यांच्या पूर-नकाशावर सरळ लिहिलं होतं की इथे थांबू नका. त्यामुळे तिथे घर घेताना मजला वरचा मागा. आसागायात पुरापेक्षा भूकंप आणि आगीची भीती जास्त, काही गल्ल्या इतक्या अरुंद की बंब शिरत नाही, म्हणून बिल्डिंग जून १९८१ नंतरच्या भूकंप-नियमांची आहे का ते एजंटला पहिल्याच भेटीत विचारा, आणि घर बघायला रविवारी न जाता कामाच्या दिवशी दुपारी दोनला जा, जी व्यक्ती घरी राहणार आहे तिला बरोबर घेऊन.