फाइंड ऑर्ब : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लघुग्रहाची कक्षा स्वतः काढून बघायची फार दिवसांची इच्छा होती. गेले आठ महिने बिल ग्रे यांचा 'फाइंड ऑर्ब' हा प्रोग्रॅम जवळपास रोज उघडतोय. तो फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो.

मायनर प्लॅनेट सेंटर ही जगभरातून लघुग्रहांचे वेध, म्हणजे आकाशातल्या जागेच्या नोंदी, गोळा करणारी संस्था. तिच्या जुन्या पद्धतीत एक वेध म्हणजे 80 अक्षरांची एक ओळ. वेळ, विषुवांश आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे), तेजस्विता आणि शेवटी वेधशाळेचा तीन अक्षरी कोड. प्रत्येकाची जागा ठरलेली, एक स्पेस सरकली तरी ओळ बिघडते. अशा ओळी दिल्या की प्रोग्रॅम कक्षा काढतो आणि प्रत्येक वेधासमोर रेसिड्यूअल दाखवतो, म्हणजे मोजलेली जागा आणि गणिताने आलेली जागा यांतला फरक. माझा जीव जडला तो या रकान्यावर.

दुसऱ्याच आठवड्यात मी काढलेल्या फोटोंवरून वेस्ता या लघुग्रहाचे तीन वेध मोजले आणि जुन्या वेधांच्या खाली जोडले. वर सगळीकडे विकलेपेक्षाही (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) कमी फरक, आणि माझ्या तिन्ही ओळींसमोर जवळजवळ 190 विकला! फोटोतले तारे पुन्हा ओळखले, मोजमाप पुन्हा केलं, आकडा हलेना. मग लक्षात आलं की तिन्ही वेळा वेस्ता त्याच्या वाटेवरच आहे, फक्त तेवढाच मागे. मी भारतीय वेळ लिहिली होती, तिथे जागतिक वेळ लागते. साडेपाच तास म्हणजे 0.22917 दिवस. तेवढे वजा केले आणि फरक दोन विकलांच्या आत आला. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

गुरू, शनी, चंद्र यांपैकी कोणाकोणाचं गुरुत्वाकर्षण धरायचं ते खुणा करून ठरवता येतं. मुख्य पट्ट्यातल्या एखाद्या लघुग्रहाचे वीस वर्षांचे वेध घ्या आणि गुरूची खूण काढा, ते एका कक्षेत बसतच नाहीत.

पण खरं शिकलो ते 2024 वायआर4 कडून. हा लघुग्रह 27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतल्या अ‍ॅटलस या लघुग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीला सापडला, पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाल्यावर. 22 डिसेंबर 2032 ला तो धडकण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3.1 टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांतच जवळपास शून्यावर आली. तेव्हा अनेकांना वाटलं की शास्त्रज्ञांचं गणित चुकलं. मी त्याचे वेध उतरवून घेतले. आधी फक्त पहिल्या आठवड्याचे चालवले, मग जानेवारीअखेरपर्यंतचे, मग सगळे. अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाकार कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग, साधारण 2.5 खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), तो फारसा बदलला नाही. बदलला तो त्यापुढचा अधिक-उण्याचा आकडा, त्यात दशांशानंतरची शून्यं वाढत गेली. लघुग्रह 2032 मध्ये जिथे असू शकेल तो पट्टा आखडत होता. पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर तिचा वाटा वाढत गेला, पट्टा तिच्यावरून सरकला आणि धोका संपला. हे बातम्यांत वाचून मला कळलं नव्हतं, या आकड्यांत दिसलं.

सावध राहायला हवं ते एका बाबतीत. एकाच रात्रीचे तीन वेध दिले तरी प्रोग्रॅम कक्षा काढून देतो, रेसिड्यूअलही छान छोटे येतात. त्या कक्षेवर विश्वास ठेवू नका. गणितज्ञ गाउसने 1801 मध्ये हरवलेला सेरेस हा लघुग्रह शोधून दिला, पण त्याच्याकडे सेरेस शोधणाऱ्या पियाझीचे 41 दिवसांत पसरलेले वेध होते. आणि धडकेच्या शक्यतेसाठी मी आजही नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची 'सेंट्री' ही धोक्याच्या लघुग्रहांची यादीच बघतो.

पडद्यावर आकड्यांची गर्दी आहे, पहिला महिना चाचपडण्यात जातो. सुरुवात करणाऱ्यांनी क्रमांक मिळालेला, म्हणजे कक्षा पक्की ठरलेला, एखादा लघुग्रह घ्यावा, अलीकडच्या पाच वर्षांचे वेध बंद करावेत, उरलेल्यांवरून कक्षा काढावी. मग बंद केलेल्या ओळींसमोर काय फरक येतो ते बघावं.