आधी ईव्हलिन वाचावा की पीप्स?

सतराव्या शतकातील इंग्लंड रोजनिशीतून समजून घ्यायचे ठरवले की दोन नावे पुढे येतात. एक सरे परगण्यातील वोटनच्या जमीनदार घराण्यातला जॉन ईव्हलिन (१६२०–१७०६), आणि दुसरा लंडनच्या शिंप्याचा मुलगा, नौदलाच्या कारभारात वर चढलेला सॅम्युएल पीप्स (१६३३–१७०३). दोघे एकमेकांचे मित्र होते. दोघांच्याही रोजनिश्या अनेक खंडांच्या असल्याने, एकीपुरतीच सवड असलेल्या वाचकाला निवड करावी लागते.

पीप्सची रोजनिशी १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ एवढ्याच काळाची आहे. ती त्याने लघुलिपीत, जवळजवळ रोज लिहिली आणि दृष्टी जाईल या भीतीने थांबवली. ईव्हलिनच्या नोंदी जन्मापासून थेट अखेरच्या वर्षापर्यंत जातात. मात्र त्यांतला बराच भाग त्याने जुन्या टिपणांवरून पुढे लिहून काढला असल्यामुळे तिथे रोजनिशीपेक्षा बखरीचा सूर लागतो.

१६६६ च्या लंडनच्या आगीत हा फरक स्पष्ट दिसतो. पीप्स बागेत खड्डा खणून वाइन आणि पार्मेझान चीज पुरतो. ईव्हलिन ७ सप्टेंबरला राखेतून चालत जातो तेव्हा जमीन इतकी तापलेली असते की बुटांचे तळवे भाजतात, आणि थोड्याच दिवसांत तो शहराच्या नव्या बांधणीचा आराखडा राजाला सादर करतो.

मला ईव्हलिन अधिक जवळचा वाटतो. लंडनच्या दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध त्याने १६६१ मध्ये पुस्तिका लिहिली आणि १६६४ मध्ये वृक्षलागवडीवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डेटफर्डला त्याने जिवापाड जपलेल्या बागेची १६९८ मध्ये रशियाच्या झार पीटरच्या मुक्कामात नासधूस झाली. पण जानेवारी १६५८ मधली नोंद वाचताना हे सारे मागे पडते: पाच वर्षांचा रिचर्ड जातो, आणि एरवी संयमाने लिहिणारा हा बाप मुलाला काय काय वाचता येत होते ते एकेक करून लिहीत राहतो.

मराठी वाचकाला पीप्सकडे ओढणारी एक गोष्ट मुंबईची आहे. चार्ल्स राजाला विवाहकरारात मिळालेले हे बेट पोर्तुगीज अधिकारी ताब्यात देत नाहीत, याची चर्चा त्याच्या १६६३ च्या नोंदींत आहे. मात्र घरातल्या मोलकरणींशी त्याने केलेले वर्तन वाचताना मन विटते, आणि जुन्या आवृत्त्यांनी असे काही उतारे गाळले असल्यामुळे पूर्ण आवृत्तीच घ्यावी.

माणसाचा एकेक दिवस पाहायचा असेल तर पीप्स घ्यावा; तारुण्य, प्रवास, संसार, अपत्यवियोग आणि म्हातारपण हे सगळे एकाच हातचे वाचायचे असेल तर ईव्हलिन, आणि तोही प्रथम निवडक आवृत्तीत. पीप्स आधी वाचला तरी ईव्हलिनची २६ मे १७०३ ची नोंद त्यानंतर जरूर वाचावी. त्यात पीप्सच्या निधनाची वार्ता आहे, सुमारे चाळीस वर्षांच्या मैत्रीचा उल्लेख आहे, आणि प्रकृतीमुळे अंत्ययात्रेला जाता आले नाही, असेही त्याने लिहिले आहे.