अजिंठा की वेरूळ, लहान पोरं घेऊन?
एकच दिवस अन् कडेवरचं पोर असेल तर सरळ वेरूळ, संभाजीनगरपासून ३० किमी, अन् गेटातून आत गेलं की समोरच १६ नंबरचं कैलास लेणं, तिथले दगडी हत्ती बघून पोरं दोन तास रमतात, बाकी ३३ लेणी राहिली तरी चालतंय. अजिंठा १०० किमी, फर्दापूरला गाडी सोडून बस, मग पायऱ्या, स्ट्रोलर विसराच. चित्रं अंधारात, फ्लॅश बंद, चिमुरडी कंटाळणार. पण आठ-दहा वर्षांची, गोष्टी ऐकणारी असतील तर अजिंठाच, २६ नंबरमधला झोपलेला बुद्ध बघून प्रश्न संपत नाहीत. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद.