चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरवरून जर्मन घराण्याचा गुंता सोडवणं – काही महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

माझ्या सासरचे लोक मूळचे जर्मन कॅथलिक, कैक पिढ्या अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. सासऱ्यांना वंशावळ हवी होती आणि घरात असल्या किचकट कामाची हौस फक्त मला, त्यामुळे गेले काही महिने रोज रात्री जेवणं झाली की जुनी रजिस्टरं उघडून बसतेय. कुणी या वाटेला जाणार असेल तर आधीच सांगते, आईबापाचं नाव मिळालं म्हणून पान उलटू नका, गॉडपेरेंट (बाप्तिस्म्याला मुलाचे धर्मपालक म्हणून उभे राहणारे गॉडफादर-गॉडमदर) कोण ते बघा. निम्मं घराणं तिथे सापडतं.

बाप्तिस्म्याच्या नोंदीच कशाला, तर अमेरिकेची जनगणना इथे फार कामाला येत नाही. १८५०, १८६०, १८७० तिन्ही वेळा घरातल्या सगळ्यांची नावं-वयं लिहिलीत पण कोण कुणाचं कोण ते नाही, नात्याचा रकाना आला १८८० ला, आणि १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीपायी गेले. आमच्याकडे ओव्हर-द-ऱ्हाइन या सिनसिनाटीतल्या जर्मन वस्तीतल्या एका घरात हाइनरिख, बायको, पोरं आणि सगळ्यात खाली भलत्याच आडनावाचा बर्नार्ड. आत्येसासूबाईंचं ठाम मत, तो भाडेकरू.

मग तिथल्या जर्मन चर्चचं रजिस्टर काढलं. हाइनरिखच्या दुसऱ्या मुलाचा गॉडफादर बर्नार्ड, मुलाचं नावही बर्नार्ड. पुढे बर्नार्डचं लग्न झालं, त्याच्या पहिल्या मुलीची गॉडमदर हाइनरिखची बायको आणि मुलीला तिचंच नाव. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते, इथे गॉडमदर सरळ स्वतःचंच नाव देऊन मोकळी! पण एवढ्यावर नातं पक्कं होत नाही हां, शेजारी, मालक, कुणीही गॉडपेरेंट असू शकतो. तीच माणसं दोन्हीकडून पुन्हा पुन्हा दिसली की मगच संशय घ्यायचा.

नशीब असं की बर्नार्डच्या लग्नाच्या नोंदीत पाद्रीबाबांनी मूळ गाव लिहून ठेवलेलं. गावही बरोबर स्पेलिंगमध्ये, कारण लिहिणारा स्वतः जर्मन, कोर्टातल्या इंग्रजी कारकुनासारखं कानाला येईल ते लिहिलेलं नाही. गाव जर्मनीतल्या म्युन्स्टर डायोसिसमधलं (म्हणजे बिशपच्या हद्दीतलं) निघालं, तिथली रजिस्टरं मॅट्रिक्युला या चर्चच्या जुन्या नोंदींच्या साइटवर फुकट बघता येतात. दोघांचे बाप्तिस्मे मिळाले, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट एकच, आणि बापाच्या नावात दोन आडनावं, मध्ये 'गेनान्ट', म्हणजे उर्फ. त्या भागात आडनाव शेताला चिकटलेलं असायचं, शेतावर घरजावई म्हणून गेला की माणूस शेताचं नाव लावायचा. अमेरिकेत आल्यावर एका भावाने पहिलं आडनाव ठेवलं, दुसऱ्याने उर्फवालं. सख्खे भाऊ निघाले!

वाचायला सुरुवातीला जड जातं. कॅथलिक नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये, तिथे अक्षर तरी ओळखीचं असतं, आणि शाळेत संस्कृत घेतलं असेल तर विभक्ती बघून घाबरायला होत नाही, 'हेन्रिची' म्हणजे वेगळा माणूस नाही, हेन्रिकसचा मुलगा लिहिताना झालेली षष्ठी आहे. प्रोटेस्टंट नोंदी बहुतेक जर्मनमध्ये आणि कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत, तिथे ई आणि एन हुबेहूब सारखे, डोळ्यांची वाट लागते. शिवाय अर्धे पुरुष योहान आणि अर्ध्या बायका मारिया, पण हाक मारायचं नाव सहसा दुसरं, तेच धरून चाला. एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर आधी दफनाची नोंद बघा, पहिलं गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची पद्धत होती.

साइटवरच्या इंडेक्सवर, म्हणजे नोंदींमधून काढलेल्या नावांच्या यादीवर, विसंबू नका. एका पैसे भरायच्या साइटवर आमच्या हाइनरिखचा पोरगा सर्चमध्ये येतो पण गॉडपेरेंटचा पत्ताच नाही, कारण इंडेक्समध्ये ते घेतच नाहीत, मूळ पानाचा फोटो उघडावाच लागतो. फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट फुकट आहे पण काही पानं घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरवर जावं लागतं. मॅट्रिक्युलावर नावाने सर्च नाहीच, आधी पॅरिश, म्हणजे गाव कुठल्या चर्चच्या हद्दीत येतं ते माहीत हवं, मग पानं चाळत बसायचं. सुट्टीच्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन बसा.

आता सासूबाईंची बाजू घेतलीय, ते लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, त्यामुळे आर्कियॉन ही प्रोटेस्टंट रजिस्टरांची साइट, आणि त्याला पैसे पडतात. पास घेण्याआधी मायर्सच्या जुन्या गॅझेटियरमध्ये (जर्मन गावांच्या कोशात) गावाचं पॅरिश कुठलं ते बघून ठेवा, तो ऑनलाइन फुकट आहे, नाहीतर पासचे निम्मे दिवस गाव हुडकण्यातच जातील.