अपाचीवर मॉड-एसएसएल: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॉड-एसएसएल, म्हणजे अपाची वेब सर्व्हरवर एचटीटीपीएस चालवणारं मॉड्यूल, दणकट आहे, हे आधीच सांगतो. तक्रार असलीच तर त्याच्या अबोलपणाची. बिघाड झाला की ब्राउझर भलतंच काहीतरी दाखवतो आणि खरं कारण एरर लॉगमध्ये निमूट पडून असतं. त्यामुळे आधी लॉग उघडायचा, सर्च इंजिन नंतर.

इन्स्टॉल करण्यात विशेष काही नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सांवर ते अपाचीच्या पॅकेजसोबतच येतं, 'ए२एनमॉड एसएसएल' दिलं की चालू. रेड हॅटच्या घराण्यात वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. 'एसएसएलइंजिन' ही कमांड अवैध आहे, कदाचित स्पेलिंग चुकलं असेल, असं म्हणून अपाची सुरूच झाला नाही, तर स्पेलिंग शोधत बसू नका. बहुतेक वेळा मॉड्यूलच लोड झालेलं नसतं. फायरफॉक्सने 'रेकॉर्ड टू लाँग' म्हटलं, तर ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवर साधं एचटीटीपी चाललंय असं समजा. आणि 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं, तर 'लिसन ४४३' ही ओळ दोन फाइलींत आहे का बघा. रेड हॅटवर ती मॉड्यूलच्या फाइलीत आधीच असते, आपण उत्साहाने पुन्हा टाकतो. कोणता होस्ट (म्हणजे सर्व्हरवरची साइट) कुठल्या फाइलीतून येतोय हे 'अपाचीसीटीएल -एस' झटक्यात दाखवतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इंटरमीडिएट सर्टिफिकेटने, म्हणजे आपलं सर्टिफिकेट ब्राउझरच्या विश्वासातल्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणाऱ्या मधल्या कडीने. डेस्कटॉपवर साइट व्यवस्थित, कुलूपही दिसतंय, पण कर्ल (कमांड लाइनवरून वेब पत्ते उघडणारं साधन) आणि मोबाइल अ‍ॅप कनेक्शन नाकारतायत. कारण असं की बरेच डेस्कटॉप ब्राउझर साखळीतली गळलेली कडी स्वतःच मिळवतात; कर्ल सहसा तसे लाड करत नाही. २.४.८ पासून इंटरमीडिएटसाठी वेगळं 'चेनफाइल' लागत नाही: एकाच फाइलीत आधी आपलं सर्टिफिकेट, त्याखाली इंटरमीडिएट. जुने लेख वाचून अजूनही लोक वेगळी ओळ लिहितात.

सेलिनक्स (लिनक्सचा लेबलांवर चालणारा जादा सुरक्षा पहारा) असलेल्या मशीनवर की-फाइल, म्हणजे सर्टिफिकेटच्या खासगी किल्लीची फाइल, होम फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवली, तर जुनं लेबल तिच्यासोबतच येतं. परवानग्या बरोबर दिसतात, तरी अपाचीला ती वाचता येत नाही. लेबल पूर्ववत करणारं 'रिस्टोरकॉन' चालवा. सेलिनक्स बंद करायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

पण खरा कस लागतो तो काही महिन्यांनी, नूतनीकरणाच्या वेळी. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. डिस्कवर नवी फाइल आली तरी अपाची रीलोड होईपर्यंत मेमरीतलं जुनंच देत राहतो. म्हणून सर्टिफिकेट आपोआप मागवणाऱ्या सर्टबॉटला रीलोडचा डिप्लॉय हुक (नवं सर्टिफिकेट आलं की चालणारी कमांड) लावलाय, आणि मुदतीची तारीख फाइलीतून न बघता बाहेरच्या मशीनवरून 'ओपनएसएसएल एस_क्लायंट'ने बघतो. त्यात सर्व्हरनेम, म्हणजे साइटचं नाव, द्यायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याच होस्टचं सर्टिफिकेट समोर येऊ शकतं. हे सगळं हाताने करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे.

सध्या मॉड-एमडी हे अपाचीचंच दुसरं मॉड्यूल वापरून बघतोय. सर्टिफिकेट ते स्वतः मागवतं, सर्टबॉटची गरज उरत नाही. पण नवं सर्टिफिकेट लागू व्हायला रीलोड तिथेही लागतोच.