लाल स्प्रे की योक? वेल्डवरची चीर शोधताना
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये वेल्डवर चिरेची शंका आली की हात आधी डाय पेनिट्रंटच्या, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या लाल रंगाच्या डब्याकडे जातो. स्वस्त, वीज लागत नाही, अ‍ॅल्युमिनियम असो की ३०४ स्टेनलेस, दोन्हीला चालतो. जॉब साफ करा, लाल रंग मारा, साधारण १० मिनिटं थांबा, जादाचा रंग पुसून पांढरा डेव्हलपर फवारा; चीर असेल तर लाल रेघ उमटते. फक्त पुसताना क्लीनर कापडावर घ्या. थेट जॉबवर मारला तर चिरेतला रंगही धुऊन निघतो आणि खराब जॉब आरामात पास होतो! शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांचा मारा करून सफाई) झालेल्या जॉबचाही भरवसा धरू नये, चिरेचं तोंड दबून बंद झालेलं असू शकतं.

दुसरी पद्धत मॅग्नेटिक पार्टिकलची: योक म्हणजे हातात धरायच्या चुंबकाने जॉब चुंबकित करून त्यावर लोखंडी पावडर टाकायची. तिला मात्र चुंबकाला धरणारं पोलादच हवं. निकाल लगेच दिसतो, पृष्ठभागाच्या किंचित खालचा दोषही सापडतो. पण चीर चुंबकीय रेषांना आडवी असेल तरच पावडर तिच्यावर ठळक जमते, म्हणून योक ९० अंशांत फिरवून पुन्हा तपासायचं. डिस्पॅचच्या घाईत नेमकं हेच गाळलं जातं.

फोर्जिंग, गिअर, साध्या पोलादाचा वेल्ड असेल तर मी योकच घेईन. वायनरीच्या स्टेनलेस टाकीला पेनिट्रंटच, तोही कमी क्लोरीनचा. दोष खोल आत असेल, तर या दोन्ही पद्धती बाजूला ठेवून अल्ट्रासोनिकवाल्याला (ध्वनिलहरींनी आतून तपासणाऱ्याला) बोलवा.